विश्लेषण : लशीच्या चाचणीत स्वयंसेवक होणे म्हणजे नेमके काय असते?

डेंग्यूवरील देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी १४ ऑगस्ट २०२४ रोजी हरियाणात रोहतकच्या पदव्युत्तर वैद्यकीय विज्ञान संस्थेत सुरू झाली. पॅनेशिया बायोटेक आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर यांच्या या चाचणीत १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १९ केंद्रांवर १० हजार ३३५ हून अधिक निरोगी प्रौढांचा सहभाग अपेक्षित होता. त्या दिवशी ‘पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचली’ अशी बातमी सगळीकडे झळकली. खरे तर त्या व्यक्तीला लस मिळाली की लशीसारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव्य मिळाले, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसते. या योजनेनुसार त्यानंतरची दोन वर्षे तिच्यावर लक्ष ठेवले जाणार होते. लशीच्या बातमीत कंपनी असते, शास्त्रज्ञ असतात, किंमत असते. हे दहा हजार लोक मात्र एका आकड्यात संपतात. त्यांच्या वाट्याला नेमके काय येते, याचा हा आढावा.

आजारी नसलेल्या माणसांची गरज का लागते?

औषधाची चाचणी रुग्णांवर होते. रुग्णाला निदान बरे होण्याची आशा असते. लस ही धडधाकट माणसाला द्यायची असल्याने तिची चाचणीही धडधाकट माणसांवरच करावी लागते, आणि इथेच सगळा नैतिक पेच आहे. ज्याला काहीही झालेले नाही अशा माणसाला आपण थोडी जोखीम पत्करायला सांगत असतो, तीही मुख्यतः इतरांसाठी.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले अशीच नोंद आहे. पण तुरुंगात, प्लेगच्या छायेत आणि गोऱ्या साहेबासमोर ‘स्वेच्छा’ किती मोकळी असेल? आजच्या नियमांत कैद्यांची गणना असुरक्षित गटात होते आणि त्यांच्यासाठी जादा संरक्षण सांगितलेले आहे, ते याचमुळे.

आताची पद्धत टप्प्याटप्प्याची आहे. कोव्हॅक्सिनचे उदाहरण घेऊ. पहिल्या टप्प्यात ११ रुग्णालयांत मिळून ३७५ जण होते, दुसऱ्या टप्प्यात ३८०. नागपूरचे गिल्लूरकर रुग्णालय, गोव्यात पेडणे तालुक्यातील धारगळचे रेडकर रुग्णालय आणि बेळगावचे जीवनरेखा ही आपल्या ओळखीच्या गावांतील केंद्रे त्या यादीत होती. या दोन टप्प्यांत लस सुरक्षित आहे का, शरीर तिला प्रतिसाद देते का, एवढेच पाहिले जाते. लस आजार रोखते का, हे कळण्यासाठी तिसऱ्या टप्प्यात २५ केंद्रांवर तब्बल २५ हजार ८०० स्वयंसेवक घेण्याचे ठरले. १६ नोव्हेंबर २०२० ते ७ जानेवारी २०२१ या काळात ही भरती झाली.

एवढी माणसे कशाला, याचे उत्तर साध्या गणितात आहे. लस घेतलेल्या माणसाला मुद्दाम विषाणूच्या तोंडी देता येत नाही. तो आपले रोजचे आयुष्य जगणार, बाजारात जाणार, बस पकडणार, आणि त्यातून हजारांत काही जणांनाच लागण होणार. ते काही जण मोजता यावेत म्हणून हजारो लोक लागतात. या चाचणीत निर्णायक विश्लेषणासाठी १३० रुग्ण सापडेपर्यंत थांबायचे, असे आधीच ठरले होते. लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या रक्तात आधीपासून प्रतिपिंडे नव्हती अशा लोकांपैकी लस मिळालेल्या ८ हजार ४७१ जणांत २४ जणांना, तर प्लासिबो मिळालेल्या ८ हजार ५०२ जणांत १०६ जणांना लक्षणांसह करोना झाला. त्यावरून परिणामकारकता ७७.८ टक्के निघाली.

हा आकडा तेव्हा आपण सगळ्यांनी वाचला, व्हॉट्सअॅपवर फिरवला. तो ज्यांच्यावर उभा आहे, त्या १०६ जणांचा विचार फारसा कुणी केला नाही. त्यांच्या दंडात लस गेलीच नव्हती. सगळ्यांनाच लस दिली असती आणि कुणीच आजारी पडले नसते, तरी ते लशीमुळे की साथ ओसरल्यामुळे, हे कधीच सांगता आले नसते.

निवड कशी होते आणि कोण गाळले जाते?

पुण्यातील भारती रुग्णालयात २६ ऑगस्ट २०२० रोजी कोव्हिशिल्डची देशातील चाचणी सुरू झाली. त्यासाठी पाच जणांची तपासणी झाली, त्यांतील तिघांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडल्याने ते बाद ठरले आणि पहिल्या दिवशी दोघांनाच मात्रा मिळाली. घरच्यांची समजूत घालून, मनाची तयारी करून गेलेल्या माणसाला ‘तुम्हाला नकळत करोना होऊन गेला आहे, तुम्ही घरी जा’ असे ऐकावे लागते. प्रत्येक चाचणीचे निकष मात्र वेगळे असतात. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात प्रतिपिंडे असलेल्यांनाही घेतले होते, फक्त परिणामकारकता मोजताना त्यांना वगळले.

रक्तदाब, साखर, जुने आजार, ॲलर्जी, चालू औषधे यांची चौकशी होते. महिलांची गर्भचाचणी होते आणि ठरावीक काळ गर्भधारणा टाळण्याची हमी घेतली जाते. बरेच जण माहिती ऐकूनच परत फिरतात, त्यात काही गैर नाही.

मी स्वतः डिसेंबर २०२० मध्ये अशाच एका करोना लशीच्या चाचणीत सहभागी झालो होतो. अभियांत्रिकीची पदवी हातात होती, कंपनीने रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली होती आणि घरात बसून डोके उठले होते. समाजासाठी काही करावे ही भावना होतीच, पण रुग्णालयात निमित्ताने का होईना सगळ्या तपासण्या फुकट होतील आणि कदाचित लस आधी मिळेल, हाही हिशेब होता. रांगेत भेटलेल्यांत एक रिक्षाचालक काका होते. त्यांच्या भावाचा करोनाने मृत्यू झाला होता. एक ताई परिचारिका होत्या, एक निवृत्त शिक्षक होते. प्रत्येकाचे कारण निराळे आणि बहुतेकांचे एकाहून अधिक. स्वयंसेवकांना ‘वीर’ म्हणून गौरवणाऱ्या बातम्या तेव्हा बऱ्याच आल्या. ‘गिनिपिग’ म्हणून हिणवणारेही होते. आमच्या रांगेला यांतले काहीच लागू पडत नव्हते.

संमतीपत्र म्हणजे नुसती सही नव्हे

लशीचे नाव, ती कशापासून बनवली, आधीच्या टप्प्यांत काय दिसले, कोणते त्रास होऊ शकतात, किती वेळा रक्त घेणार, प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, विमा कुणाचा, त्रास झाल्यास कुणाला फोन करायचा, हे सगळे संमतीपत्रात असते. ते सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्याची प्रत तिला मिळाली पाहिजे. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. असुरक्षित गटातील व्यक्तींवर नव्या रेणूची चाचणी असेल, तर संमतीची दृक्‌श्राव्य नोंद बंधनकारक आहे.

हे नियम आपोआप आलेले नाहीत. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प राबवला गेला. त्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी थेट संबंध आढळला नाही, पण दुसरेच भयंकर वास्तव पुढे आले. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डननेच संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. पालकांना पत्ता नव्हता. संसदीय स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. त्याच सुमारास इंदूरमधील चाचण्यांवरून स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. या सगळ्याच्या दबावातून नियम घट्ट होत गेले आणि १९ मार्च २०१९ रोजी ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम’ अधिसूचित झाले.

तरीही भोपाळमधून तक्रारी आल्या. युनियन कार्बाइडच्या परिसरातील वस्त्यांमधून आलेल्या काही लोकांचे म्हणणे होते, की ७५० रुपये मिळतील आणि करोनाची लस मिळेल एवढेच आम्हाला सांगितले गेले, ही चाचणी आहे हे कळलेच नाही. संबंधित रुग्णालयाने आणि कंपनीने हे आरोप फेटाळले. माझ्या मते ७५० रुपये देणे हा मुद्दा नाही. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्यास आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांची परवानगी आहे. फक्त माणूस पैशांच्या मोहाने जोखमीकडे डोळेझाक करील इतकी ती रक्कम मोठी नसावी. अडचण अशी, की ज्याची दोन दिवसांची मजुरीच तेवढी आहे त्याच्यासाठी ‘खर्चाची भरपाई’ आणि ‘आमिष’ यांतली रेघ फार पुसट असते. ती रेघ कुठे आहे हे कागदावरून नाही, समोर बसून समजावणाऱ्या माणसाकडून कळते.

आमच्याकडे त्या कामासाठी असलेली समन्वयक तरुणी प्रत्येकाला अर्धा तास तरी देत होती. मराठी संमतीपत्र बावीस पानांचे होते आणि भाषा इतकी जड, की ‘यादृच्छिकीकरण’ शब्दाशी मी अडखळलो. रिक्षावाल्या काकांना तिने ते असे सांगितले : संगणक चिठ्ठी काढणार, कुणाच्या नावावर काय निघाले ते मलाही दिसणार नाही, डॉक्टरांनाही नाही. काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, की मग चिठ्ठीत पाणी निघाले तर नंतर खरी लस देणार का? तिने प्रामाणिकपणे सांगितले, की आज तसे लेखी आश्वासन नाही. त्यांनी तरीही सही केली. सगळ्या बावीस पानांत नव्हता तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी विचारला होता. पुढे तोच सगळ्यांसमोर उभा राहिला.

टोचल्यानंतर काय होते?

सुईचा भाग काही सेकंदांचा. त्यानंतर किमान अर्धा तास निरीक्षणाखाली बसवतात, कारण तीव्र ॲलर्जी आली तर ती याच वेळेत येते. मग हातात एक डायरी, थर्मामीटर आणि टोचलेल्या जागेची सूज मोजायला छोटी पट्टी मिळते. पुढचे सात दिवस रोज ताप किती, दंड किती दुखतो, थकवा, डोकेदुखी, मळमळ, सगळे लिहायचे. रोज फोन यायचा. चार आठवड्यांनी दुसरी मात्रा, पुन्हा सात दिवसांची डायरी, मग ठरलेल्या तारखांना रक्त आणि महिनोन्‌महिने फोन.

पहिल्या दोन दिवसांत मला ९९.८ पर्यंत ताप होता आणि अंग मोडून आले होते. घरी सगळ्यांनी ठरवून टाकले, की मला लस मिळाली. आईने शेजारी सांगूनही टाकले. मला मिळाले होते प्लासिबो, हे तीन महिन्यांनी कळले.

यात माझे काही विशेष नाही. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात लस मिळालेल्या १ हजार ५९७ जणांनी काही ना काही त्रास नोंदवला. प्लासिबो गटात हा आकडा किती होता? तोही नेमका १ हजार ५९७. दोन्हीकडे १२.४ टक्के. या प्लासिबोत लशीत असते तसे ॲल्युमिनियमचे संयुग होते, त्यामुळे दंड दुखणे स्वाभाविक. पण डोकेदुखी, थकवा, कणकण या गोष्टी माणसांना एरवीही होत असतात. फक्त एरवी आपण त्या डायरीत लिहीत नाही. ‘लस घेतली आणि आठ दिवसांत अमुक झाले’ या प्रकारच्या प्रत्येक दाव्यापुढे ‘लस न घेणाऱ्यांत ते किती जणांना झाले’ हा प्रश्न ठेवावा लागतो. तो ठेवता येतो तो प्लासिबो गटामुळेच.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधील चाचणीत यावर आणखी एक युक्ती केली होती. तुलनेच्या गटाला त्यांनी खारे पाणी न देता मेंदुज्वराची मान्यताप्राप्त लस दिली. तिनेही दंड दुखतो, ताप येतो, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून कुणाला अंदाज बांधता आला नाही. शिवाय त्या लोकांना निदान एक उपयोगी लस मिळाली. मला ही पद्धत जास्त सभ्य वाटते.

‘मला काय मिळाले?’ हे न कळण्याचे ओझे

स्वयंसेवकाच्या अनुभवातला सर्वांत अवघड भाग हा आहे. आपण सुरक्षित आहोत की नाही, हे माहीत नसताना सुरक्षित नसल्यासारखे वागायचे. हरियाणाचे तत्कालीन आरोग्यमंत्री अनिल विज यांनी २० नोव्हेंबर २०२० रोजी जाहीरपणे चाचणीतली पहिली मात्रा घेतली आणि ५ डिसेंबरला ते करोनाबाधित निघाले. लगेच ‘लस फसली’ अशी ओरड झाली. दोन मात्रा पूर्ण झाल्यावर काही दिवसांनी संरक्षण येते आणि अर्ध्या लोकांना प्लासिबो मिळते, हा खुलासा भारत बायोटेकने केला, पण ओरडीइतका तो पसरला नाही. ब्रिटनमध्ये तर ऑक्सफर्डच्या चाचणीतील पहिल्या स्वयंसेवक एलिसा ग्रॅनाटो यांच्या मृत्यूची अफवाच पसरली. आपण जिवंत असल्याचे त्यांना स्वतःच सांगावे लागले.

सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमधील एका सहभागी व्यक्तीला न उमगणारा त्रास झाल्याने ॲस्ट्राझेनेकाने जगभरातील चाचण्या थांबवल्या. भारतातील भरतीही काही दिवस थांबली आणि औषध महानियंत्रकांनी १५ सप्टेंबरला ती पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली. बाहेरून पाहणाऱ्याला हा धोक्याचा कंदील वाटला. खरे तर व्यवस्था चालू असल्याची ती खूण होती. ज्यांनी आधीच पहिली मात्रा घेतली होती त्यांना मात्र त्या आठवड्यात घरच्यांची तोंडे चुकवावी लागली असणार.

त्रास झालाच तर जबाबदारी कुणाची?

२०१९ च्या नियमांनुसार गंभीर घटना घडल्यास केंद्रातील मुख्य डॉक्टरांनी २४ तासांत नियामक, प्रायोजक कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवायचे असते, आणि १४ दिवसांत विश्लेषणासह अहवाल द्यायचा असतो. उपचारांचा खर्च प्रायोजकाने करायचा. तो आवश्यक आहे तोवर, किंवा त्रासाचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. संबंध सिद्ध झाला तर नुकसानभरपाई वेगळी.

मृत्यू झाल्यास भरपाईचे सूत्र ठरलेले आहे. मूळ रक्कम ८ लाख रुपये, तिला वयाचा गुणक आणि जोखमीचा गुणक. आधीच मरणासन्न असलेल्या रुग्णासाठी जोखमीचा गुणक ०.५, तर निरोगी स्वयंसेवकासाठी सर्वाधिक म्हणजे ४. पासष्टीपुढच्या निरोगी माणसासाठी ही रक्कम ३२ लाख होते आणि वय कमी तशी ती वाढते. जो निरोगी असताना आला त्याचे नुकसान सर्वांत मोठे, हा त्यामागचा न्याय. सूत्र चांगले आहे. अडचण सूत्राच्या आधीच्या पायरीवर आहे : संबंध आहे हे ठरवायचे कुणी आणि किती उघडपणे?

चेन्नईतील एका स्वयंसेवकाने १ ऑक्टोबर २०२० रोजी मात्रा घेतल्यावर आपल्याला गंभीर मज्जासंस्थेचा त्रास झाला, असा दावा करत ५ कोटींची भरपाई मागितली. सीरम इन्स्टिट्यूटने संबंध नाकारला आणि उलट १०० कोटींहून अधिक रकमेच्या बदनामीच्या दाव्याचा इशारा दिला. नियामकांनाही लशीशी संबंध आढळला नाही. वैद्यकीय निष्कर्ष योग्यही असेल. पण ज्याने कंपनीच्या लशीसाठी दंड पुढे केला, त्याच्या तक्रारीला अशा इशाऱ्याने उत्तर मिळाल्याचे वाचून पुढचा स्वयंसेवक काय बोध घेईल? त्या इशाऱ्याने कंपनीचे जेवढे रक्षण झाले असेल त्याहून जास्त नुकसान विश्वासाचे झाले. चौकशीचा तपशील जाहीर करणे हे त्याहून चांगले उत्तर ठरले असते.

लस यशस्वी झाल्यावर स्वयंसेवकाचे काय?

रिक्षावाल्या काकांचा प्रश्न इथे येतो. ३ जानेवारी २०२१ रोजी दोन लशींना आपत्कालीन मान्यता मिळाली आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. प्लासिबो मिळालेल्यांनी आता काय करायचे? चाचणी पूर्ण होईपर्यंत बिनलशीचे राहावे, की बाहेर पडून लस घ्यावी? पहिला पर्याय विज्ञानाच्या सोयीचा, दुसरा माणसाच्या. दिल्लीच्या एम्समध्ये तर डिसेंबरातच स्वयंसेवक मिळेनासे झाले होते, कारण लस येणारच असेल तर चाचणीत कशाला जायचे, असे लोक विचारत होते. पुढे ज्यांची लसीकरणाची पाळी आली त्यांना काय मिळाले हे सांगून प्लासिबो गटाला लस देण्याची व्यवस्था झाली. मला मार्चमध्ये फोन आला. काही आठवड्यांतच दुसरी लाट आली. तो फोन महिनाभर उशिरा आला असता तर, हा विचार अजूनही मनात येतो.

त्यानंतरचा घोळ कागदाचा होता. चाचणीतील मात्रांची नोंद कोविन पोर्टलवर नव्हती, त्यामुळे प्रमाणपत्र नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत लोकल प्रवास दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच खुला झाला, मॉल आणि कार्यालयांतही प्रमाणपत्र मागू लागले. ज्यांनी सर्वांत आधी दंड पुढे केला तेच फलाटाबाहेर. मी रुग्णालयात चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी शिक्क्याचे साधे पत्र मिळाले, ते कुठेच चालले नाही. काही जणांनी वैतागून बाहेर पुन्हा दोन मात्रा घेतल्या, म्हणजे चाचणीच्या नोंदींचाही विचका. अखेर ऑगस्टमध्येच केंद्राने चाचणीतील स्वयंसेवकांना कोविनवर प्रमाणपत्र देण्याचा मार्ग काढला. कोव्होव्हॅक्सच्या चाचणीतील लोकांची अडचण आणखी लांबली. त्या लशीलाच भारतात डिसेंबर २०२१ अखेरीस मान्यता मिळाली. लाखो लोकांचे लसीकरण तासातासाला मोजणाऱ्या यंत्रणेला हे काही हजार लोक आठवले नाहीत, हे तांत्रिक कारण म्हणून मला पटत नाही. डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवण्याचे ते काम होते.

डेंग्यूच्या चाचणीत दोन वर्षे का?

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची अर्धवट प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराचा आजार कधी कधी अधिक गंभीर करते. सनोफीची डेंगव्हॅक्सिया ही लस फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लस घेतल्यावर पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो. तिथला कार्यक्रम थांबवावा लागला आणि लोकांचा इतर लशींवरचा विश्वासही ढासळला. हा धोका उघड झाला तो चाचणीतील मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यामुळे आणि त्यांच्या रक्ताचे नमुने पुन्हा तपासल्यामुळे. ‘आता काय, झाले ना टोचून’ म्हणत स्वयंसेवक दुसऱ्या वर्षी फोन उचलेनासे झाले, गाव सोडून गेले, तर असे धोके चाचणीत सापडत नाहीत. ते नंतर लाखोंच्या लसीकरणात सापडतात.

म्हणून स्वयंसेवकाला दोन पावसाळे टिकवून धरणे हे केंद्राचे खरे कौशल्य. त्याला ताप आला तर रात्री फोन उचलणारे कुणी हवे, त्याच्या रक्ताचा अहवाल त्यालाही मिळायला हवा आणि चाचणीचा निकाल वर्तमानपत्राआधी त्याच्या कानावर जायला हवा. यातील शेवटची गोष्ट माझ्या बाबतीत घडली नाही. आमच्या चाचणीचा निकाल मी कार्यालयात बातमी लावताना वाचला.

सही करण्याआधी काय पाहावे?

देशातील प्रत्येक क्लिनिकल चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असणे २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती कुणालाही संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांचा फोन क्रमांक संमतीपत्रावर असतो. तो डॉक्टरांच्या क्रमांकापेक्षा वेगळा आहे ना, हे बघा. या समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांतील निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक सामान्य नागरिकही असतो. संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागता येते, घरच्यांशी किंवा ओळखीच्या डॉक्टरांशी बोलता येते. कधीही, कारण न देता, चाचणी सोडता येते आणि त्यामुळे त्या रुग्णालयातील तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आणि काकांचा प्रश्न जरूर विचारा : मला प्लासिबो मिळाले असेल आणि लस यशस्वी झाली, तर मला ती कधी देणार, आणि हे लेखी द्याल का?